गाडी ओढेल, पण पेलेल का?

कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचा राहण्याचा ट्रेलर, घ्यायची ठरली की पहिला प्रश्न असतो, ‘आपली एसयूव्ही किती ओढते?’ त्याआधी ती किती पेलते ते बघा. ट्रेलरचं नाक, म्हणजे पुढचं टोक, गाडीमागच्या हिचवर (जोडावर) जेवढा भार टाकतं, तो गाडीच्याच पाठीवर बसतो.

समजा, भरलेल्या गाडीचं कमाल वजन २,६०० किलो आणि टाकी भरून रिकामी गाडी २,०५०. उरले ५५०. पाच माणसांचे ३५०, डिकीतले ९०, टो बारचे (हिच ज्यावर बसतो त्या लोखंडी दांड्याचे) ३० गेले की हातात ८०. ट्रेलरच्या ब्रोशरवरचे ८०० किलो कोरडे असतात. ८० लिटर पाणी, भरलेला सिलिंडर (तोच तीसेक किलो), बॅटरी, गाद्या, भांडी धरून हजार कधी होतात कळत नाही. त्याचे १० टक्के नाकावर, म्हणजे १००. दीड टन ओढायला पास झालेली गाडी इथे २० किलोंनी नापास! डिकीतल्या जड बॅगा ट्रेलरच्या ॲक्सलवर, म्हणजे बरोबर चाकांच्या वर, हलवा.

अंदाजावर जाऊ नका. कळंबोलीच्या स्टील मार्केटकडे ट्रकांचे वजनकाटे आहेत. पाणी, सामान, माणसं भरूनच जा. ट्रेलर जोडून फक्त गाडीची चाकं काट्यावर घ्या, मग दोन्ही वेगवेगळे तोला. ट्रकचा काटा दहा-वीस किलोंच्या टप्प्याने मोजतो, म्हणून नाक बाथरूमच्या काट्यावर तोला: सपाट जमीन, चाकांना उटी, काट्यावर ठोकळा आणि कपलर (नाकाचा हिचवर बसणारा भाग) हिचच्याच उंचीला.

सामान मागे ठासलं की नाक हलकं होतं आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलतो. तेव्हा ब्रेक मारायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरायचं. नाक फार जड झालं तर गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी पडतात, हेडलाइट आभाळात.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर मॅन्युअलमधला त्यासाठीचा वेगळा, बराच कमी आकडा धरा. ‘ओढू नये’ लिहिलं असेल तर विषयच संपला. कसारा किंवा माळशेज उतरताना खालचा गिअर उतार लागण्याआधीच टाका.

हिचवरचा बॉल (गोळा) आणि कपलर एकाच मापाचे हवेत. लॉक लावल्यावर जॉकी व्हील (नाकाखालचं आधाराचं छोटं चाक) फिरवून नाक वर उचला. गाडीचं बूडही सोबत उचललं गेलं तर लॉक बसलंय. कपलर एकटाच वर आला तर ते बसलेलंच नव्हतं.