हिटर गरम, तरी काच धूसर

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये जुन्या गाड्याच येतात. फेब्रुवारीतल्या एका रिपरिपत्या सकाळी एक आजोबा आपली १९५४ची मॉरिस मायनर घेऊन आले. ८०३ सीसी इंजिन, समोर मधोमध पट्टी असलेल्या दोन सपाट काचा. तक्रार एकच: "हिटर चांगला तापतो, पण मला रस्ता दिसत नाही."

मायनर १९४८ साली बाजारात आली तेव्हा तिला वॉटर पंपच नव्हता. तापलेलं पाणी आपोआप वर चढायचं, गार झालं की खाली यायचं, तेवढ्यावर इंजिनाचं भागायचं. हिटरला मात्र इंजिनातलं गरम पाणी फिरवावं लागतं, तो त्यावर चालण्यासारखा नव्हता. १९५०च्या अखेरीस पंप आला, मग हिटर आला, तोही जादा पैसे मोजून.

बॉनेट उघडून आधी इंजिनावरचा हिटरचा नळ पाहिला. हा हिवाळ्यात हाताने उघडायचा असतो आणि बरेच मालक ते विसरतात. इथे उघडा होता, गरम पाण्याचे दोन्ही होज (रबरी पाइप) हाताला चटका देत होते. मग ब्लोअर, म्हणजे हिटरचा पंखा, लावून काचेखालच्या फटींवर टिश्यूची पट्टी धरली. डावीकडे ती फडफडली. उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हरसमोर, ढिम्म हलेना. डॅशबोर्डखाली हात घातला तर हवेचा पाइप लोंबकळत होता. पूर्वी कुणीतरी वायरिंगचं काम करताना काढला असणार आणि परत बसवलाच नाही.

पाइप बसवला. आजोबा खूश, पण माझं समाधान होईना. आधीच्या नोकरीत नव्या गाड्यांच्या काचेवरची वाफ किती लवकर जाते, याची चाचणी मी करायचो. उणे ३ अंशांच्या खोलीत गाडी ठेवून दर सीटमागे तासाला ७० ग्रॅम या हिशेबाने आत वाफ सोडायची. १० मिनिटांत ड्रायव्हरसमोरचा ९० टक्के भाग साफ दिसला पाहिजे. आमच्याकडे शीतगृह कुठलं? पण आजोबांचा लॅब्रॅडोर होता, नुकताच चिखलातून फिरून आलेला. त्याला मागे बसवलं, आम्ही दोघं ओल्या कोटांनिशी पुढे बसलो आणि निघालो.

फटींच्या वर काच पंख्याच्या आकारात साफ झाली, तेवढ्यावर थांबली, आणि कडेकडून पुन्हा वाफ धरायला लागली. कारण हा हिटर गाडीतलीच हवा ओढतो, तापवतो आणि आत सोडतो. गरम हवा कोटांतलं नि कुत्र्याच्या केसांतलं पाणी उचलते आणि गार काचेवर नेऊन ठेवते. अमेरिकेत नॅश या मोटार कंपनीने १९३८मध्येच बाहेरची हवा तापवून आत घ्यायची सोय केली होती. या गाडीत ती नाही. मी दारातली तिकोनी काच बोटभर उघडली. काही मिनिटांत काच कोपऱ्यांपर्यंत स्वच्छ!

"खिडकी उघडीच ठेवायची, तर हिटर कशाला?" आजोबा वैतागले.

"हिटर काच तापवतो, खिडकी ओल बाहेर काढते. दोन्ही लागतं."

जुने हिटर दुबळे म्हणून लोक उगाच नावं ठेवतात. उष्णता भरपूर असते, ओल जायला वाट नसते. सिग्नलला थांबल्यावर दिवे, वायपर आणि ब्लोअर एकदम चालवू नका, हेही बजावलं. इंजिन मंद असताना वीज तयार करणारा डायनामो फारसा चार्ज करत नाही आणि सगळा भार बॅटरीवर पडतो.

आजोबांनी बराच विचार केला. शेवटी ठरवलं की यापुढे पावसात कुत्रा बायकोच्या गाडीतून जाईल.