तिने मोजलेली घरे

रात्री दिवा मालवताना माझ्या सहा वर्षांच्या मुलीने विचारले, “आई, आज किती घरं पडली?” मी दोन देशांतील जुन्या वैराविषयी काहीबाही सांगू लागले आणि मध्येच थांबले, कारण तिने ते विचारलेच नव्हते. मग मी तिलाच विचारले, “तू काय पाहिलंस?” युद्धाच्या बातम्यांमध्ये एकच इमारत कोसळताना पुन्हा पुन्हा दाखवत होते, आणि प्रत्येक वेळी नवे घर पडले असे समजून ती मोजत राहिली होती. तिची मोजणी अकरावर पोहोचली होती.

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ ला झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतरही तीच दृश्ये वारंवार पाहून लहान मुलांचा असाच समज झाल्याचे आढळले होते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्याच ओक्लाहोमा सिटीत झालेल्या बाँबस्फोटानंतरच्या अभ्यासांत तर असे दिसले, की ज्यांच्या घरातील कोणालाही इजा झाली नव्हती अशा मुलांमध्येही बातम्या अधिक पाहण्याशी मानसिक आघाताच्या लक्षणांचा संबंध होता. म्हणून मूल खोलीत असताना बातम्या बंद ठेवणे म्हणजे त्याच्यापासून सत्य लपवणे, असे मला वाटत नाही. सत्य सांगायला आपण आहोतच.

ते सांगताना “काही झालेलं नाही” असे मात्र मला म्हणवत नाही. मी तिला सांगितले, की पडलेले घर एकच होते, ते फार दूर आहे, त्यातली काही माणसे दगावली आणि काहींना बाहेर काढण्यात आले. आवाज स्थिर ठेवणे जड गेले, पण मूल शब्दांआधी आपला चेहरा वाचते.

दुसऱ्या महायुद्धात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी लंडनमध्ये मुलांसाठी निवासी शिशुगृहे चालवली. आई जवळ असेपर्यंत बाँबहल्ले सोसणारी मुले तिच्यापासून ताटातूट झाली की अधिक खचतात, असे त्यांना तेथे दिसले. मी हे कधीतरी वाचले होते, पण त्याचा अर्थ मला त्या रात्री उमगला, कारण बराच वेळ गप्प राहून माझ्या मुलीने विचारले, “त्या घरातल्या मुलांच्या आया त्यांच्याजवळ आहेत ना?”

“सगळ्यांच्या नाहीत,” मी म्हणाले. मग ती झोपेपर्यंत मी तेथेच बसून राहिले.