टेंबलाईचं पाणी आणि संग्रहालयातला देव

परवा आषाढातला शुक्रवार, आमच्या गल्लीचं टेंबलाईला पाणी होतं. टेंबलाई ही आमच्या कोल्हापूरची देवी, आषाढात तिला नदीचं नवं पाणी वाहतात. पी ढबाक वाजंत्री सुरू झाली आणि पोरी डोक्यावर कळशा घेऊन निघाल्या. पंचगंगेचं नवं पाणी, गढूळ, तांबूस. पुतणीच्या कळशीतलं हिंदकळून कडुनिंबाच्या डहाळीवरून तिच्या गालावर ओघळत होतं, पण तिनं पुसलं नाही.

मला पोलंडमधल्या क्राकूवची मैत्रीण आठवली. नोकरीनिमित्त मी दोन वर्षं तिथं होते. कोल्हापूर म्हटल्यावर तिला शेजारचं वळिवडे गाव माहीत निघालं. १९४३ ते १९४८ तिथल्या निर्वासितांच्या छावणीत पाचेक हजार पोलिश माणसं राहिली, हे तिनं आजीकडून ऐकलेलं. आजी कट्टर कॅथलिक. नात मात्र जुन्या स्लाव्ह देवांना मानणारी. पोलंडच्या राज्यकर्त्यानं ९६६ साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याच्या आधीचे देव.

एका रविवारी ती मला तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात घेऊन गेली. १८४८ साली झ्ब्रूच नदीत सापडलेला चुनखडीचा खांब, अडीच मीटरांहून उंच, वर एकाच टोपीखाली चार दिशांना चार तोंडं. लोक त्याला श्व्यातोविद म्हणतात. नदीतून वर आलेला देव! आपल्याकडं असता तर पहिल्याच दिवशी शेंदूर लागला असता, नवस सुरू झाले असते. ती नुसती उभी होती, ओठ हलत होते. शाळेच्या सहलीची पोरं आली तशी ती गप्प बाजूला सरकली. देवासमोर असं चोरून उभं राहावं लागतं, हे मला फार लागलं. आजही लागतं.

बाहेर पडल्यावर आम्ही वावेल टेकडीच्या पायथ्याशी गेलो. तिथं रस्त्याकडेला त्याच मूर्तीची प्रतिकृती उभी आहे. तिनं पिशवीतून सफरचंद काढलं, पायाशी ठेवलं. मी चप्पल काढली. का काढलीस, म्हणून तिनं विचारलं आणि उत्तराआधीच तिचे डोळे भरले. उन्हाळ्यात हे जुने देव मानणारी माणसं जाळ पेटवायला गावाबाहेर जातात, तेही कुणाकुणाला विचारून.

परवाचा व्हिडिओ मी तिला पाठवला. पायरीवर कळशी ओतताना पुतणीचे दोन्ही हात थरथरताना दिसतात.

रात्री तिचा मेसेज आला, "एवढा रस्ता अडवायला परवानगी कुणाची घेता?"

"टेंबलाईची," मी लिहिलं.