कोपऱ्यावरचं रो-हाउस

लिलावातल्या घराचे कागद तपासायला लोक माझ्याकडे येतात, तोवर बहुतेकांची वास्तुशांत मनात उरकलेली असते. भुसावळचे हे रेल्वेतले गृहस्थही तसेच. जळगावात पिंप्राळ्याकडे रो-हाउस, राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली बोली चालत नाही ती, २० लाख आणि त्याच ओळीतलं घर २८ ला गेल्याची बातमी. दहा टक्के बयाणा भरायची मुदत तोंडावर आलेली.

"वकीलसाहेब, घर मी बाहेरून पाहिलंय. कोपऱ्याचं आहे, एक नंबर! तुम्ही फक्त कागद बघा."

कोपऱ्याचं म्हटल्यावर मी नोटिशीतली चतुःसीमा पुन्हा वाचली. पूर्वेला रस्ता, बाकी तिन्ही बाजूंना प्लॉट. कोपऱ्यावरच्या घराला एकाच बाजूला रस्ता कसा? म्हटलं, चला, बघूनच येऊ.

मे महिन्यातली दुपार. ओट्यावर खाटेवर बिबड्या वाळत घातलेल्या, राखण करत एक आजी बसलेल्या. लिलावाचं नाव काढताच त्या उठल्याच. "ते बाजूनं शे, भाऊ. हाई घर मन्हं शे. एक रुपया करज नही. रोज कोनी तरी फोटो काढी जास!"

बँकेने ताब्याची नोटीस चिकटवली होती दोन्ही घरांच्या सामाईक भिंतीवर. येणारा प्रत्येक जण साहजिकच चांगल्या घराचा फोटो काढून जात होता. लिलावातलं घर त्याच्या शेजारचं, मधलं. आत भाडेकरू. भाडं मालकाच्या भावाला देतो म्हणाला. करारनामा विचारला तर हसला.

आता खरी मेख. कोर्टात न जाता थकलेलं कर्ज वसूल करू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँकेने घेतलेला हा ताबा फक्त प्रतीकात्मक होता, म्हणजे कागदावरचा. कर्जदार किंवा भाडेकरू स्वतःहून निघाला नाही, तर प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. त्याआधीच 'जसे आहे, जेथे आहे' म्हणून घर विकलं, तर भाडेकरू काढण्याची यातायात घेणाऱ्याच्या गळ्यात येते. वर थकलेली घरपट्टी आणि वीजबिल. किंमत उतरते ती याचमुळे; बँक काही आपल्यावर मेहेरबान नसते.

तिथेच स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून हिशेब मांडला. बोली लागली की बयाण्यासह २५ टक्के, म्हणजे ५ लाख, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी. उरलेले १५ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मुदत वाढवली तरच जास्त. चुकलं तर भरलेले पैसे जप्त. हे गृहस्थ गृहकर्जाच्या भरवशावर होते, आणि अर्जसुद्धा केलेला नव्हता.

"मग हे स्वस्त कुठे आहे?" त्यांनी विचारलं. मधल्या घराचा भाव, भाडेकरू, मुद्रांक शुल्क धरून मलाही ते फारसं स्वस्त वाटेना.

त्या लिलावाला बोलीच आली नाही. पुढच्या नोटिशीत राखीव किंमत खाली आली, ताबा मात्र तोच, प्रतीकात्मक. मधल्या काळात आजींनी नातवाकडून ऑइलपेंटने भिंतीवर लिहून घेतलं: 'हे घर लिलावात नाही.' मला ते बँकेच्या नोटिशीपेक्षा जास्त स्पष्ट वाटलं.

आम्ही बँकेच्या अधिकृत अधिकाऱ्याला लेखी विचारलं. कलम १४ चा अर्ज दाखल आहे, असं उत्तर आलं. प्रत्यक्ष ताबा मिळाला की बोली लावायची, असं ठरलंय. तोवर त्यांनी गृहकर्जाचा अर्ज टाकलाय आणि बयाण्याची रक्कम मुदत ठेवीत ठेवलीय.