गुडघ्याला बाशिंग

माझ्या आईच्या दोन गुडघ्यांचे रंग वेगळे आहेत. उजवा तिच्या अंगाच्या रंगाचा, डावा काळपट, खरबरीत, उन्हाळ्यात भेगाळणारा. तिच्या गुडघ्याकडे मी कधी निरखून पाहिलंच नव्हतं. यंदा नागपंचमीला माहेरी गेले. त्या दिवशी जमिनीत खुरपं घालायचं नसतं, म्हणून आई घरीच होती. रात्री तिच्या पायांना तेल चोळताना आधी ते माझ्या तळहाताला कळलं, मग डोळ्यांना दिसलं.

"ह्यो असा कामून झाला गं?"

"त्यो टेकायचा गुडघा हाय," आई म्हणाली. जणू प्रत्येकीला एक टेकायचा आणि एक न टेकायचा असे दोन गुडघे देवानंच दिलेत.

मग तिनं बसून दाखवलं. खुरपायला पात, म्हणजे पिकातली आपल्या वाट्याची ओळ, धरली की बाई उकिडवीच बसते, पण तासाभरात कंबर भरून येते. मग एक गुडघा खाली टेकायचा, दुसरा पाय उभा ठेवायचा आणि तसंच पुढं सरकायचं. आईचं खुरपं उजव्या हातात, त्यामुळं टेकतो तो डावा. वाफशावर रान मऊ असतं तोवर ठीक. दोन दिवस ऊन पडलं की काळ्या मातीच्या ढेकळांना धार येते, आणि मध्येच ज्वारीचं एखादं जुनं धसकट लागलं की विचारूच नका.

गुडघ्याच्या वाटीवर, कातडीच्या खाली, एक चपटी पिशवी असते. कातडी हाडावरून अलगद सरकावी म्हणून तिच्यात थोडंसं पाणी असतं. ती रोज दाबली गेली की सुजते. इंग्रजीत या दुखण्याला 'हाउसमेड्स नी' म्हणतात, गुडघ्यावर बसून फरशी घासणाऱ्या मोलकरणींवरून. आमच्या रानातल्या बायांच्या नावावर शेत नाही, ते एक असो, दुखणंसुद्धा नाही.

मी लातुरात ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. वीस वर्षं झाली. म्हटलं, गुडघ्याचं एक खोळ शिवायला कितीसा वेळ लागणार? दुकानात खेळणाऱ्यांचे, फरशी बसवणाऱ्यांचे तयार गुडघापट्टे मिळतात, पण ते पँटवर घालायचे. आई सहावारी नेसते, वरून दादांचा जुना शर्ट, आणि लुगडं वर खोचलेलं. तिच्यासाठी कोण कशाला शिवतंय.

पहिलं खोळ मी अर्ध्या दुपारात उरकलं. पोराची फाटकी जीन्स, सोफ्यातून निघालेला इंचभर स्पंज, वर-खाली दोन इलॅस्टिक. आईचं माप येतानाच घेऊन आले होते: घेर चौदा इंच, उंची आठ. घातल्यावर उभं राहून इतकं झकास दिसत होतं की मी आरशासमोर दोनदा वळून पाहिलं. मग खाली बसले. पुढचं कापड ताणून फळीसारखं झालं, इलॅस्टिक गुडघ्याच्या मागं लवणीत रुतलं आणि पाच मिनिटांत पोटरीला मुंग्या आल्या. तिथूनच रक्ताच्या शिरा खाली जातात, आणि मी त्यांनाच काचणी लावली होती. स्पंजचं तर पापड झालं. त्याची भोकं सगळी उघडी. वजन पडलं की हवा निघून जाते आणि गुडघा सरळ फरशीला.

मेंदू गुडघ्यात आहे म्हणतात ना, तेव्हा खरंच तिथं असता तर बरं झालं असतं. टेप घेतला, उभी राहून गुडघ्याच्या वर एक आणि खाली एक अशा दोन खुणा केल्या. मधलं अंतर आठ इंच. त्याच खुणा ठेवून उकिडवी बसले. साडेदहा! अडीच इंच कातडी येते कुठून, हा प्रश्न मला अजून पडतो. पण चूक कळली. ब्लाउजचं माप घेताना बाई ताठ उभी असते, हात खाली, श्वास जरा आत. वीस वर्षं मी उभ्या बाईचीच मापं घेत आले. आईचंही तसंच घेतलं, आणि आई रानात कधी उभी नसते.

एकदा गुडघा वाकलेला धरला की तो मला ओळखीचाच वाटायला लागला. हे तर ब्लाउजच्या कटोरीचं काम! सपाट कापडाला गोलाई द्यायची तर ते चिमटीत दुमडून टक्स घ्यायचे, नाहीतर कटोरी वेगळी कापून जोडायची. पेपरवर तीन कटिंग केली. पहिल्यात टक्स इतके खोल गेले की ते खोळ नारळाच्या करवंटीसारखं टोकदार झालं. घरात जो तो ते डोक्यावर घालून बघत होता. शेवटी वर दोन, खाली दोन असे उथळ टक्स बसले. टोकं वाटीच्या बाहेर संपवली, कारण शिवण नेमकी हाडाखाली आली तर ती धसकटापेक्षा वाईट.

स्पंजच्या जागी व्यायामाची जुनी चटई आली, दोन थर. तिच्यातले बुडबुडे बंद असतात, हवा आतल्या आत राहते, म्हणून दबते पण बसत नाही. बाहेरून खताच्या रिकाम्या पोत्याचं कापड, ओल आत येऊ नये म्हणून. ते कापलं की धागे भसाभस निसटतात. कडा मेणबत्तीवर धरून वितळवल्या आणि शिवणीबाहेर नेहमीपेक्षा दुप्पट माया सोडली. (कापडात ठेवतात तिलाही माया म्हणतात. हा शब्द ज्यानं पहिल्यांदा वापरला तो शिंपी मला भेटायला हवा होता.) जीन्सच्या जाड शिवणीवर चौदा नंबरची सुई मोडली. सोळाची लावली, टाका मोठा केला, आणि त्या दोन इंचांत मशीनचं चाक हातानंच फिरवलं. पोतं नेमकं असं कापलं गेलं होतं की वाटीवर ठळक अक्षरात '४५ किलो' आलं. राहू दिलं. आईचं वजन साधारण तेवढंच आहे.

बांधायचं काय, हा घोळ सगळ्यात लांबला. गंजगोलाईच्या बाजारात जाऊन चिकटपट्टी आणली, ती चर्रर्र करून उघडते ती. अंगणातल्या मातीत दोनदा टेकल्यावर तिच्यात गवताची कुसळं अडकली आणि ती चिकटायचीच थांबली. इलॅस्टिक लुगड्यावरून घसरतं. मग आईच्याच विरलेल्या इरकलीचे काठ काढले. कापड विरतं, पण काठ तगतो, त्याची वीण घट्ट असते. त्याचे चार बंद केले. दोन गुडघ्याच्या वर, दोन खाली, मागची लवण मोकळी. गाठ बाहेरच्या बाजूला.

अशी जोडी घेऊन मी गावी गेले. जोडी, कारण शिवणाऱ्या हाताला एकच गुडघा अर्धवट वाटतो. आईनं डावं बांधलं, उजवं मला परत केलं. "ह्याचं काय करू? त्यो टेकतच नाही."

रानात तिला पाहून पातीवरच्या बायांची खुरपी थांबली. चुलती ओरडली, "अगं बया, ह्या वयात गुडघ्याला बाशिंग! कोणता नवरा बघितलास?" आईनं मान खाली घालून पात धरली आणि केना उपटत म्हणाली, "हसा, हसा." पण दुपारपर्यंत ती बाकीच्यांच्या बरीच पुढं होती. संध्याकाळी विचारलं तर तक्रारच केली: आत घाम येतो, गरम होतं, आणि धुतल्यावर लवकर वाळत नाही. मी आतली चटई काढता यावी म्हणून उशीच्या अभ्र्यासारखं तोंड करून दिलं. सूज कमी झाली का, हे तिनं सांगितलं नाही. रात्री तेल लावताना मात्र तिनं पाय मागं घेतला नाही.

उरलेलं उजवं चुलतीनं नेलं. ती डावखुरी आहे, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

परवा गावाकडून येणाऱ्या पाहुण्याजवळ आईनं एक पुडी पाठवली. आत सुतळीचे दहा तुकडे, दोन-दोनाची जुडी करून, आणि दोन जुड्यांना लाल दोरा गुंडाळलेला. फोन केला.

"लाल दोरा उजव्या गुडघ्याचा," आई म्हणाली. "लांब सुतळी घेराची, आखूड उंचीची. आन् मापं समद्यांची खाली बसवूनच घेतलीत, तू उगं टेप घेऊन येऊ नगंस."