विहीर भरलेली, पिन म्हणे कोरडी

जानेवारीत वरूडकडे एका संत्र्याच्या बगीच्यात गेलो होतो. आंबिया बहाराचा ताण तोडायचे दिवस, थ्री फेज रात्रीची, आणि आमचा पंप कंट्रोलर मोटर सुरू झाली की 'विहीर कोरडी' दाखवून बंद करत होता. काकांनी विहिरीत बॅटरी मारली, "पाह्य न भाऊ, एवढं पानी हाय, मंग मोटर कायले बंद पडते?"

विहिरीत पाणी आहे का ते सांगणारा फ्लोट स्विच साधा, पाणी असलं की उघडा, संपलं की लाइन ग्राउंडला शॉर्ट. तो चांगला होता. ऑफिसात फोन केला तर म्हणे वायर बदलून पाहा, दर वेळी हेच, आधी शेतकऱ्याची वायर खराब.

कंट्रोलरला सिरियल केबल लावून डीबगएफएसमध्ये (लिनक्सच्या आत काय चाललंय ते दाखवणारी जागा) पिनकंट्रोलची, म्हणजे चिपच्या कोणत्या पिनला काय सेटिंग आहे त्याची, यादी काढली तर फ्लोटच्या पिनसमोर हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) २एफ. आमची चिप एएम३३५एक्स, तिच्यात एका पिनचं सगळं सेटिंग एकाच रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या एका आकड्यात, असतं, खालचे तीन बिट मोडचे, ७ म्हणजे जीपीआयओ (साधी इनपुट-आउटपुट पिन), बिट ३ लावला की पुल (मोकळ्या पिनला एका बाजूला ओढून धरणारा रेझिस्टर) बंद, बिट ४ पुल-अपचा म्हणजे वर ओढायचा, बिट ५ इनपुटचा. म्हणजे २एफ झालं इनपुट, पुल काहीच नाही. स्विच उघडा असताना पिन अधांतरी, आणि शंभरेक मीटर वायर मोटरच्या केबलला लागून, म्हणून मोटर सुरू झाली की पिनवर भलतंच वाचलं जायचं. टेबलावर हातभर वायरीवर हे कधीच दिसलं नसतं.

हा २एफ डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलमधून येतो, तिच्यातली ती ओळ मीच लिहिलेली आणि तेव्हा ती बरोबर होती, कारण जुन्या बोर्डावर बाहेरून १० केचा पुल-अप होता. नव्या बोर्डात हार्डवेअरवाल्यांनी तो काढला अन् कोणाला सांगितलंच नाही, मला याचा खरंच राग आला. डिव्हाइस ट्री म्हणजे कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) लिहिलेलं बोर्डाचं वर्णन आहे, बोर्ड बदलला की ते बदलायलाच पाहिजे.

२एफचं ३७ केलं, म्हणजे इनपुट तसंच आणि पुल-अप चालू, डीटीबी (डिव्हाइस ट्रीची कर्नल वाचतो ती फाइल) बनवून रीबूट केलं, मोटर चालली ती थ्री फेज जाईपर्यंत चालली. सकाळी टर्मिनलवर ३.३ व्होल्टला १० के पण सोल्डर केला, एवढ्या लांब वायरीला चिपच्या आतला पुल-अप कमजोरच पडतो.

तरी डोक्यातून जात नाही. डीटीबी बनवणाऱ्या डीटीसीने एक वॉर्निंग दिली नव्हती, बाइंडिंगची (डिव्हाइस ट्री कशी लिहायची त्या नियमांची) तपासणी पण पास, कारण ती फक्त लिहिण्याची पद्धत तपासते, बोर्डावर रेझिस्टर आहे का हे तिला कुठून कळणार? कर्नल आपण लिहिलं तेच खरं धरतो. सध्या सगळ्या बोर्डांना ३७ टाकलं आणि त्या ओळीवर कारण लिहून ठेवलं. रेझिस्टर परत लावा म्हणून मेल केला, त्याचं उत्तर अजून आलं नाही.