चार ड्रम आणि एक मायक्रोस्कोप : आमची वाटचाल

अंबरनाथ एमआयडीसीतला आमचा गाळा मूळचा एका रंगवाल्याचा. २००८ साली भाड्याने घेतला तेव्हा भिंतीवर निळे शिंतोडे होते. मी आणि माझे भागीदार, ज्यांना सगळे काका म्हणत, असे दोघेच होतो. काकांनी पीएफचे पैसे घातले, मी घर गहाण टाकलं, आणि एक वापरलेला स्प्रे ड्रायर आणला, म्हणजे विद्रावकात विरघळवलेलं औषध गरम हवेत फवारून त्याची पावडर करणारं यंत्र. त्याचं नोझल काका स्वतः अ‍ॅसिटोनने धुवायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. नोझलमध्ये कण अडकला की थेंब मोठा पडतो, मोठा थेंब उशिरा सुकतो, आणि तेवढ्या वेळात औषध क्रिस्टल होण्याच्या, म्हणजे त्याचे रेणू रांगेत बसून स्फटिक होण्याच्या मार्गाला लागतं.

आमच्या धंद्यात अमॉर्फस, म्हणजे स्फटिक न झालेली, रेणू विस्कळीत असलेली पावडर बनवता कुणालाही येते. ती तशीच टिकवणं हे खरं काम.

२०११ साली एका पार्टीने फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाचं काम दिलं, औषध आणि त्याला क्रिस्टल होण्यापासून धरून ठेवणारा पॉलिमर निम्मं-निम्मं. नुसत्या अमॉर्फस फेलोडिपिनची टीजी, म्हणजे ज्या तापमानाला काचेसारखी कडक पावडर मऊ पडते ते, ४५ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातल्या गोदामाला फारच जवळची. पार्टीला पीव्हीपी हेच पॉलिमर हवं होतं, कारण स्वस्त. कागदावर ते उत्तमही दिसत होतं. फेलोडिपिनच्या रेणूतला एनएच गट आणि पीव्हीपीतला कार्बोनिल गट यांच्यात हायड्रोजन बंध घट्ट बसतो, आयआरमध्ये, म्हणजे इन्फ्रारेड आलेखात, पीक सरकलेला स्वच्छ दिसला, डीएससीत, म्हणजे पावडर तापवून बघायच्या चाचणीत, टीजी एकच, म्हणजे दोन्ही नीट मिसळलेले. तरी मी रिपोर्टात लिहिलं होतं की पीव्हीपी पाणी ओढतं, एचपीएमसीएएस हे सेल्युलोजपासून बनवलेलं पॉलिमर घ्या. पार्टीने दर पाहिला आणि नको म्हटलं.

जुलैत माल गेला. ऑगस्टच्या शेवटी चारही ड्रम परत आले. आतल्या पॉली बॅगा उघडून पुन्हा सुतळीने बांधलेल्या, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या गायब. काकांनी चिमूटभर पावडर स्लाइडवर घेतली, तेलाचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपचे दोन्ही पोलरायझर, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या काचा, एकमेकांशी काटकोनात फिरवले. अमॉर्फस पावडर असती तर सगळं काळं दिसायला हवं होतं. त्या काळ्यात क्रिस्टलचे बारीक बारीक ठिपके चमकत होते, अमावास्येच्या आभाळासारखे. काका बराच वेळ डोळा लावून बसले आणि मग एवढंच म्हणाले, "गेलं."

त्यात शेजारच्या मोठ्या युनिटने पार्टीच्या कानात घातलं की आमच्या ड्रायरचं आउटलेट तापमान, म्हणजे बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान, हलतं, म्हणून माल बिघडला. पार्टीने पेमेंट थांबवलं आणि काम त्यांना दिलं. आमची लॉगबुकं बघायलासुद्धा कुणी आलं नाही. दर पंधरा मिनिटांची नोंद, काकांच्या अक्षरात. सहा महिने बँकेचे हप्ते थकले, काकांनी गावाकडचा तुकडा विकला. हे मी विसरलेलो नाही.

आमच्याकडे त्या मालाचं राखून ठेवलेलं सॅम्पल होतं. अर्धं सीलबंद पिशवीत सिलिका जेलसह ठेवलं, अर्धं उघड्या वाटीत डेसिकेटरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या भांड्यात, खाली मिठाचं संपृक्त द्रावण, म्हणजे आत ७५ टक्के आर्द्रता. त्याच ड्रायरवर काढलेली एचपीएमसीएएसची छोटी बॅचही शेजारी ठेवली. काही आठवड्यांनी पीव्हीपीची उघडी वाटी चमकू लागली, सीलबंद पिशवी आणि एचपीएमसीएएस दोन्ही काळीच राहिली. एचपीएमसीएएसचा औषधाशी बंध सैल असतो, पण ते पाणी कमी घेतं. पीव्हीपीच्या कार्बोनिलला मात्र पाणी आवडतं. पाणी आत शिरलं की औषधाचा हात सुटतो, औषध आणि पॉलिमर आपापले कप्पे करतात, आणि औषधाच्या कप्प्यात क्रिस्टल धरतो. दोष ड्रायरचा नव्हता, हे त्या वाट्यांनी दाखवलं.

नाशिकच्या एका कंपनीतल्या आर अँड डीच्या मॅडम दुसऱ्याच कामासाठी आल्या होत्या. त्यांनी स्लाइड मागून घेतल्या, लॉगबुक पानन् पान वाचलं आणि जाताना म्हणाल्या, "काका, आमची पहिली बॅच तुम्हीच काढा." आगाऊ पन्नास टक्के त्यांनी आपणहून दिले. आजही त्यांचा माल आमच्याकडेच निघतो. २०१३ नंतर दुसरा ड्रायर आला, माणसं वाढली, गाळा आमच्या नावावर झाला.

नव्याने या कामात पडणाऱ्यांना सांगतो : डीएससीत एक टीजी दिसली म्हणून निवांत होऊ नका, ती कोरड्या पावडरीची साक्ष आहे. नमुना उघड्या वाटीत ठेवाच. बंध किती घट्ट यासोबत पॉलिमर पाणी किती पितो तेही बघा. पार्टीने पॉलिमर बदलायला नकार दिला तर तो नकार लेखी घ्या. आणि आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय विद्रावकाचा ड्रम उघडू नका.

काका आता नाहीत. मायक्रोस्कोप त्यांच्याच टेबलावर आहे, काकूंनी शिवलेल्या खोळीत. दर पावसाळ्यात पहिली स्लाइड मी त्याच्यावरच बघतो. त्या चार ड्रमांचं बिल अजून फाइलमध्ये आहे, वसूल झालेलं नाही.